पाड्यावर गेलेले बालमंदिर

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने इटलीला हिटलरच्या बाजूने युद्धात उतरवले आणि हिंदुस्थानातला प्रत्येक इटालियन माणूस ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रू ठरला. मारिया माँटेसोरी तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून त्या नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या होत्या आणि पहिल्याच वर्गात त्यांनी तीनशेहून अधिक शिक्षक तयार केले होते. सरकारने त्यांना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केले. सोबत आलेला त्यांचा सहकारी मारिओ मात्र पकडला गेला. त्याला थेट आमच्या नगरला, परदेशी नागरिकांसाठी उघडलेल्या छावणीत आणून ठेवले. पुढे तिबेटमधल्या सात वर्षांवर पुस्तक लिहिणारा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही युद्धाच्या आरंभी याच छावणीत होता.

मारिओ हा मारियाबाईंचा मुलगा. जगाला मात्र त्याची ओळख पुतण्या किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई. १८९८ साली लग्नाबाहेर जन्मलेले ते मूल त्यांना जवळ ठेवता आले नव्हते. रोमजवळच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या घरी ते वाढले आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास आईकडे आले. माणसाच्या आयुष्यातली पहिली सहा वर्षे सर्वांत मोलाची, असे ज्या बाईने साऱ्या जगाला पटवले, तिला आपल्या मुलाची तीच वर्षे पाहता आली नव्हती. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मारिओची सुटका केली आणि तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच केला. इतकी वर्षे जे उघडपणे बोलले गेले नव्हते, ते सरकारी तारेने बोलून टाकले. नगरच्या इतिहासात भुईकोट किल्ल्याचे नाव निघते ते निजामशाहीसाठी, चांदबिबीसाठी आणि १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असलेल्या नेहरू, पटेल, आझादांसाठी. छावणीतल्या मारिओची आठवण सहसा कुणी काढत नाही. बालविकासाच्या विचाराचा इतिहास आपल्या जिल्ह्याला इतक्या जवळून चाटून गेला, हे सांगण्यासाठी मी त्याच्यापासून सुरुवात केली.

नगरच्या उत्तरेला, दौंड-मनमाड लोहमार्गावर, त्या काळात एक नवे बाजारगाव वाढत होते. स्टेशनचे नाव बेलापूर. गावाचे नाव पुढे श्रीरामपूर झाले, तरी स्टेशनवरची पाटी आजही बेलापूरचीच आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि जिरायतीची जमीन उसाखाली आली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ मध्ये महादेव लक्ष्मण डहाणूकरांनी टिळकनगर वसवले. पुढे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली. ऊस आला तशी तो तोडणारी माणसे लागली आणि माणसांबरोबर त्यांची लेकरे आली. या लेकरांकडे पुढे यायचेच आहे. त्याआधी मारियाबाईंचा विचार मराठी मुलखात कसा आला आणि आल्यावर त्याचे काय झाले, ते पाहू.

तो त्यांच्या पायांनी आला नाही. त्या अड्यारला उतरण्याच्या वीस वर्षे आधीच भावनगरात एका वकिलाने तो उचलला होता. गिजुभाई बधेका आफ्रिकेत राहून आले होते, काठियावाडात वकिली करत होते. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवायचे या विचाराने ते माँटेसोरीच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. तीन वर्षांनी तिथे ताराबाई मोडक आल्या. मुंबईत जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर, अमरावतीच्या वकिलाशी लग्न झालेल्या आणि १९२१ मध्ये घटस्फोट घेतलेल्या ताराबाई राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयातली चांगली नोकरी सोडून लहान मुलांच्या बालमंदिरात आल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतल्या एकीने अडीच वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसायचे ठरवले, ही घटना मला फार मोठी वाटते.

त्या मुलांपुढे काय मांडले होते? माँटेसोरींचे म्हणणे थोडक्यात असे. मूल म्हणजे मोठ्यांनी भरायचे रिकामे भांडे नाही, त्याच्या वाढीचा क्रम त्याच्या आतच असतो. एखाद्या वयात ते भाषेसाठी हपापलेले असते, एखाद्या वयात हालचालीसाठी, एखाद्या वयात वस्तू जागच्या जागी लावण्यासाठी. तो काळ असेपर्यंत मूल ती गोष्ट सहज शोषून घेते. तो सरला की तीच गोष्ट कष्टाने शिकावी लागते. म्हणून मोठ्यांनी करायचे एवढेच की परिसर मुलाच्या मापाचा करायचा, योग्य साधन हाताशी ठेवायचे आणि बाजूला होऊन पाहायचे. सहा वर्षांपर्यंत एक टप्पा, बारापर्यंत दुसरा, अठरापर्यंत तिसरा, चोविसापर्यंत चौथा, अशी त्यांची मांडणी होती. हे त्यांना सुचले ते रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या बालगृहात. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर हुंदडणारी मुले सांभाळायला तिथल्या घरमालकांनी त्यांना बोलावले होते. हा विचार गरिबांच्या मुलांना पाहून जन्मला, ही गोष्ट पुढे जगभर विसरली गेली, कारण त्याची साधने महाग झाली आणि तो श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसला.

ताराबाईंनाही हेच दिसले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती १९३३ मध्ये सुरू झाली, १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले. दादर-हिंदू कॉलनीतल्या सुशिक्षित घरांमधली मुले तिथे आली, त्यांच्या आया पत्रिका वाचू लागल्या, मुलाला मारू नये हा विचार मराठी मध्यमवर्गात हळूहळू रुजू लागला. हे काम लहान नव्हते. आपल्याकडे 'छडी लागे छमछम' हीच शिक्षणाची ओळख असताना घराघरांत जाऊन मुलाचा हट्ट, मुलाची भीती, मुलाचे खोटे बोलणे यांच्याकडे वाढीचा भाग म्हणून पाहायला शिकवायचे होते. पण शिशुविहाराच्या दारापर्यंत येणारे मूल धुतलेल्या कपड्यांत, पोटभर खाऊन, कुणाचे तरी बोट धरून येत होते. सगळी मुले अशी येत नव्हती.

गिजुभाई जून १९३९ मध्ये वारले. मारियाबाई त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी हिंदुस्थानात आल्या. या देशात त्यांच्या नावाने बालमंदिरांची चळवळ उभारणारा माणूस त्यांना इथे आल्यावर भेटलाच नाही.

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघरच्या) उत्तर टोकाला, समुद्रकाठी, चिकूच्या वाड्यांचे हे गाव. आचार्य भिसे तिथे आधीपासून शिक्षणाचे काम करत होते. ताराबाईंबरोबर अनुताई वाघ आल्या. मोरगावला १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या शिकल्या, खेड्यांत शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत रुजू झाल्या, रात्रशाळेत जाऊन १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्यांनी पुण्यातली कायमची नोकरी सोडली. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्या याच कामात राहिल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली आणि ज्यांच्यासाठी उघडली ती मुले आलीच नाहीत. गावातल्या बऱ्या घरची आली. हरिजनवस्तीतली, आदिवासी पाड्यावरची मुले आली नाहीत. आईबाप सकाळीच वाडीत मजुरीला जात. घरी उरलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचे भावंड असे. जरा मोठा मुलगा गुरे घेऊन रानात गेलेला असे. मग दोघीजणी पाड्यावर गेल्या. झोपडीपुढचे अंगण झाडून घेतले, मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, आणि तिथेच गाणी-गोष्टी-खेळ सुरू केले. साधने म्हणून आयात केलेले गुलाबी मनोरे नि लाकडी दट्टे कुठून आणणार? शिंपले, खडे, चिंचोके, पाने, माती, बांबूचे तुकडे घेतले. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत हा भेद बोटांना कळायला मिलानमधला लाकूडकाम करणारा कारागीरच लागतो असे नाही.

साधने बदलणे हा भाग सोपा होता. अवघड भाग वेगळाच होता आणि तो शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत नव्हता. मूल शाळेत येते, हे सगळ्या पद्धतींनी गृहीत धरलेले होते. माँटेसोरींचे रोममधले बालगृह तर मुले राहत त्याच इमारतीत होते, म्हणून तिथे हा प्रश्न उभाच राहिला नाही. बोर्डीच्या पाड्यांनी तो समोर आणला. १९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये, आणि तिथे या प्रश्नाचे उत्तर त्यांनी एक-एक मूल पाहून शोधले. मोठी बहीण शाळेत यायची तर कडेवरचे मूलही येणार. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटले. गुराख्याला गुरे सोडता येत नाहीत, मग शाळा गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. दिवसा मजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले.

जगात याच काळात मुलांच्या वाढीचे मोठमोठे सिद्धांत आकार घेत होते. त्यांच्या कर्त्यांपैकी बरेच जण माँटेसोरींच्याच अंगणातून गेले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जाँ पियाजे स्वित्झर्लंडच्या माँटेसोरी संघटनेचे अध्यक्ष होते. आपल्या तीन मुलांचे पाळण्यापासूनचे वागणे टिपून त्यांनी बुद्धीचे चार टप्पे मांडले: आधी हाता-तोंडाने जग कळते, मग चित्रे आणि शब्द येतात, मग हातातल्या वस्तूंबद्दल तर्क करता येतो, शेवटी नुसत्या कल्पनेवर तर्क चालतो. त्यांच्याच वर्षी, १८९६ मध्ये, जन्मलेले रशियाचे लेव व्हिगोट्स्की म्हणत की मूल आज एकट्याने काय करते याहून, जाणत्याचा हात धरून काय करू शकते ते महत्त्वाचे. ते १९३४ मध्येच गेले आणि त्यांचे लेखन सोव्हिएत राजवटीत दडपले गेले. इंग्रजीतून ते आपल्यापर्यंत यायला साठचे दशक उजाडले. तोवर कोसबाडला धाकटी भावंडे थोरल्यांना पाहत एकाच छपराखाली शिकत होती. ताराबाईंनी व्हिगोट्स्की वाचला होता असा याचा अर्थ नव्हे. गरिबीने त्यांना अशी रचना करायला लावली, आणि ती रचना योग्य होती हे सिद्धांताने नंतर सांगितले.

एरिक एरिक्सन यांच्याकडे माँटेसोरी पद्धतीची पदविका होती, व्हिएन्नात अ‍ॅना फ्रॉइडच्या वर्तुळात असताना त्यांनी ती मिळवली होती. १९५० मध्ये त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. पहिल्या वर्षात विश्वास की अविश्वास इथून सुरुवात होते आणि म्हातारपणी समाधान की वैफल्य इथे शेवट. १९६२ मध्ये ते अहमदाबादला याच विषयावरच्या परिसंवादासाठी आले आणि अंबालाल साराभाईंकडे उतरले. साराभाई कुटुंबाने आपल्या मुलांसाठी घरच्याच आवारात माँटेसोरी धर्तीची शाळा चालवली होती. माँटेसोरींचे 'द अ‍ॅब्सॉर्बंट माइंड' हे पुस्तकही अहमदाबादच्याच व्याख्यानांतून घडले आणि १९४९ मध्ये अड्यारहून निघाले. एरिक्सन यांना तिथे १९१८ च्या गिरणीसंपाची हकिकत ऐकायला मिळाली, त्यातून त्यांचे गांधीजींवरचे पुस्तक झाले आणि त्याला पुलित्झर मिळाले. परिसंवादात त्यांनी आपले आठ टप्पे हिंदू परंपरेतल्या चार आश्रमांशेजारी ठेवून पाहिले. चार आश्रमांची सुरुवात ब्रह्मचर्याने, म्हणजे मुंजीपासून होते. त्याआधीच्या सात-आठ वर्षांना धर्मशास्त्राने आश्रमाचे नाव दिले नाही. ती वर्षे आजीच्या मांडीवर, ओव्या-अंगाईत, परकराच्या ओच्यात गेली आणि मुलींची तर पुढचीही तशीच गेली. ज्या काळाला शास्त्रात जागा नव्हती, तोच काळ ताराबाईंनी आणि अनुताईंनी आयुष्याचे काम म्हणून हाती घेतला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. केले, १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, सप्टेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने तेहतीस प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशी सहा कामे तिला दिली. बोर्डीच्या पाड्यावर सुरू झालेली गोष्ट देशभर पोहोचली. त्यातून लाखो मुले जगली, हे मान्य करायलाच हवे. पण वाटेत एक फरक पडला. ताराबाईंची अंगणवाडी मुलाच्या अंगणात जात असे. सरकारी अंगणवाडीला इमारत मिळाली, पट मिळाला, हद्द मिळाली, आणि मूल पुन्हा तिच्याकडे येऊ लागले. जे येऊ शकत नाही, त्याचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

तो प्रश्न श्रीरामपूर परिसरात दर हंगामात दिसतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, बीडहून, आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीहून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाने उन्हाळ्या-पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अड्ड्यावर कोप्या पडतात, पहाटे अंधारात माणसे फडात उतरतात. आई ऊस साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. बांधाला बाभळीच्या फांदीला झोळी असते, तिच्यात पाच-सहा महिन्यांचे मूल. जरा मोठे पाचटात खेळते. आठ-नऊ वर्षांची बहीण दोघांवर नजर ठेवते, पाणी आणते, वाढे गोळा करते.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून दुरावलेल्या मुलांचे काय होते ते मांडले. युद्धाने अनाथ झालेली, संस्थांमध्ये वाढलेली युरोपातली मुले त्यांच्यापुढे होती. फडातले मूल आईपासून दुरावलेले नाही, ते तिच्या नजरेच्या टप्प्यात आहे. त्याला कमी पडतात त्या गोष्टी वेगळ्या: वेळेवर पाजणे, दुपारची सावली, लसीचा पुढचा डोस, चालायला लागल्यावर पाय ठेवायला खोडव्याची टोके नसलेली चार हात जमीन. पुस्तकातला सिद्धांत इथे चुकीचा ठरत नाही, पण प्रश्न कोणता विचारायचा हे फडावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ताराबाईंनी बोर्डीला हेच केले होते.

या मुलांसाठी कुणी काही केले नाही असे नाही. औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर मुलांना गावीच ठेवून हंगामी वसतिगृहांत सांभाळण्यावर भर आला. आजी-आजोबांजवळ राहून मूल आपल्याच शाळेत शिकावे, हा हेतू चांगला आहे. पण शिक्षण हक्काचे वय सहाला सुरू होते. सहाच्या आतले मूल गाडीत बसून आईबरोबरच येते. आणि त्याला सांभाळायला कुणी हवे म्हणून अनेकदा त्याची शाळेत जाणारी बहीणही येते. माँटेसोरी, पियाजे, एरिक्सन, बोल्बी यांचे आपसात अनेक बाबतींत जमत नसे. पहिली वर्षे निर्णायक, यावर मात्र त्यांचे एकमत होते. फडावरच्या मुलांसाठीची आपली सोय मात्र नेमकी त्या वर्षांना वगळून सुरू होते.

कोसबाडचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू पडते, असे माझे ठाम मत आहे. थोरलीला शाळेत आणायचे असेल तर धाकट्याला आधी पाळणा हवा, आणि तोही शाळेजवळ किंवा अड्ड्यावरच. अड्ड्यातल्याच एखाद्या बाईला शिकवून नेमता येईल. हंगाम संपला की ती मुलांबरोबरच गावी परतेल आणि मुले तिला ओळखत असतील. स्थलांतर करणाऱ्या लाभार्थ्याची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे नेण्याची सोय आता पोषण ट्रॅकरमध्ये आहे. पण अंगणवाडीचे दार दिवस वर आल्यावर उघडते, फडात कोयता पहाटेच चालू होतो. नोंद सरकली तरी मूल तोवर बांधावर पोहोचलेले असते.

दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याच्या थकीत ऊसबिलाचा हिशेब तेव्हा विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याच अर्जात आणखी एक रकाना हवा: आपल्या कार्यक्षेत्रात कोणत्या अड्ड्यावर सहा वर्षांखालची किती मुले येणार आहेत, त्यांच्यासाठी पाळणाघर कुठे आहे आणि ते पहाटे किती वाजता उघडणार आहे.